असं का होतं? : तीन पिवळ्या वायरी

बॅटरी नवीकोरी, तरी बटण दाबलं की नुसतं ‘टिक टिक’! होंडाने १९७५च्या मॉडेलपासून आणलेल्या गोल्ड विंग या लांब पल्ल्याच्या मोटारसायकलच्या जुन्या मालकांना हा अनुभव चांगलाच ठाऊक आहे.

अनेकदा दोष बॅटरीचा नसतोच. इंजिनातल्या स्टेटरच्या गुंडाळ्यांत तयार होणारी वीज तीन पिवळ्या वायरींनी एका प्लॅस्टिकच्या प्लगमधून पुढे जाते. वर्षानुवर्षांच्या दमट हवेने प्लगमधल्या पिना काळवंडतात. नळात गाळ साचला की पाणी अडतं, तशी इथे वीज अडते आणि अडते तिथेच उष्णता सोडते. उष्णतेने पिनांची पकड सैल होते. पकड सैल झाली की उष्णता आणखी वाढते. शेवटी प्लग वितळून त्याचा तपकिरी गोळा होतो आणि बॅटरी उपाशी राहते.

निदान मल्टिमीटर करतो. इंजिन बंद असताना बॅटरीवर साधारण १२.६ व्होल्ट, इंजिनाला वेग दिल्यावर १४च्या आसपास दिसायला हवेत. आकडा चढलाच नाही, तर आधी प्लग उघडून बघावा. कारण सुरुवातीच्या चार सिलिंडरच्या गाड्यांत स्टेटर बदलायचा म्हणजे अख्खं इंजिन खाली उतरवावं लागतं!

जाणते मेकॅनिक तो प्लगच कापून टाकतात, वायरी थेट सोल्डर करतात आणि प्रत्येक जोडावर इन्सुलेशनची वेगळी नळी चढवतात.