सात झोपड्यांचा हिशेब

झांजिबारच्या स्टोन टाउनपासून दक्षिणेला साधारण 13 किलोमीटरवर चुंबे नावाचं बेट आहे. क्षेत्रफळ जेमतेम 22 हेक्टर. बेटावर गोड्या पाण्याचा झरा नाही. जुन्या प्रवाळाच्या सच्छिद्र खडकात पाऊस नुसता मुरून जातो. अशा ठिकाणी हॉटेल काढायचं तर पाणी होडीने आणायचं किंवा समुद्राचं गोडं करायचं. चुंबेवर दोन्ही टाळलं. छपरावर पडेल तेवढ्यावर भागवायचं ठरलं.

म्हणून इथली प्रत्येक झोपडी म्हणजे आधी पाणी धरायचं साधन आणि मग राहायची जागा. झावळ्यांचं छप्पर मोठं आणि उतरतं. पावसाळ्यात त्यावरून ओघळणारं पाणी वाळू-खडीच्या गाळणीतून जमिनीखालच्या टाकीत जातं. पाहुण्याच्या अंघोळीचं पाणी तिथून हापशाने वर चढवलं जातं आणि उन्हावर तापतं. न्हाणीचं पाणीही थेट समुद्राला मिळत नाही. त्यातलं नत्र आणि स्फुरद प्रवाळावर शेवाळ माजवतं, म्हणून ते खडी आणि पाणी-खत भरपूर ओढणारी झाडं लावलेल्या वाफ्यात सोडतात. संडासात फ्लश नाही. पालापाचोळ्याचं खत टाकायचं, बस्स. नाक मुरडणाऱ्यांनी झांजिबारच्या किनाऱ्यावरची दुसरी हॉटेलं पाहावीत, तिथे नळ सोडला की पाणी येतं. दिवे सौरविजेचे, पण वाटांवर एकही नाही. रात्री बॅटरी घेऊन चालायचं, कारण तेव्हा नारळखेकडे बाहेर पडतात. जमिनीवरच्या संधिपादांमध्ये याहून मोठा प्राणी नाही.

अशा झोपड्या फक्त सात. हा आकडा समजण्यासाठी पाण्यात उतरायला हवं. बेटाच्या पश्चिमेला उथळ प्रवाळभिंत आहे. दगडी प्रवाळाच्या सुमारे 200 आणि माशांच्या 400 हून अधिक जाती तिथे नोंदल्या आहेत. टांझानियाच्या किनाऱ्यावर सुरुंग लावून मासेमारी चालत असताना ही भिंत वाचली, त्याचं श्रेय थोडं योगायोगाला आहे: दार-ए-सलामला जाणारी बोटींची वाट जवळून जाते आणि लष्कराचा वावर असल्याने कोळी इकडे फारसे फिरकत नसत. सिबिले रीडमिलर या जर्मन बाईंनी 1991 पासून सरकारदरबारी खेटे घातले. 1994 मध्ये भिंत संरक्षित जाहीर झाली. खासगी व्यवस्थापनाखालचं ते जगातलं पहिलं सागरी उद्यान मानलं जातं. हॉटेल आलं ते नंतर, राखणीचा खर्च भागावा म्हणून. 1904 च्या दीपगृहाशेजारी रखवालदारांसाठी बांधलेली भारतीय धाटणीची छोटी मशीद होती, तीही जपली.

राखणदार मात्र बाहेरून आणले नाहीत. पूर्वीच्या कोळ्यांनाच शिकवलं. त्यांच्याकडे हत्यार नाही. जाळं घेऊन आलेल्या होडीजवळ जायचं आणि इथे वाढलेले मासे पुढे तुमच्याच जाळ्यात येतात, हे समजावायचं. मला या सगळ्या प्रयोगात हीच गोष्ट सर्वांत मोलाची वाटते. मालवणचं सागरी अभयारण्य 1987 मध्ये जाहीर झालं, आणि त्याला कोळ्यांचा विरोध किती वर्षं पुरला हे आपल्याला माहीत आहे. अर्थात चुंबेची भिंत लहान, आणि तिच्यावर पोट असलेली माणसं आधीच थोडी. तुलना ताणू नये.

पाहुण्यांवरही बंधनं आहेत. नळी तोंडात धरून पोहता येतं, पण हवेच्या टाक्या पाठीला लावून बुडी मारायला मनाई. ती मुभा फक्त संशोधकांना. झांजिबारच्या शाळांतली मुलं मात्र जीवरक्षक जाकिटं घालून पाण्यात उतरतात. समुद्रकाठी वाढूनही अनेकांनी, विशेषतः मुलींनी, प्रवाळ पाहिलेलंच नसतं. त्यांच्या सहलींचा खर्च निघतो तो प्रामुख्याने परदेशी पाहुण्यांच्या भाड्यातून.

इथेच हा हिशेब अडतो. पाहुणे युरोपातून विमानाने येतात, आणि त्या विमानांचा धूर ज्या हवेत मिसळतो तीच हवा समुद्र तापवते. हॉटेल पाहुण्यांना खुलं झालं त्याच 1998 मध्ये एल निनोने पश्चिम हिंदी महासागरातलं प्रवाळ पांढरं पडलं. 2016 मध्ये पुन्हा. खताचा संडास त्यावर काही करू शकत नाही. आणि 2020 मध्ये विमानंच थांबली, तेव्हा दुसरी बाजूही उघडी पडली: पाहुणे नाहीत म्हणजे राखणदारांच्या पगाराची सोय नाही. भिंतीवर गस्त तर रोज लागते.

मग सातच्या सत्तर झोपड्या का करू नयेत? छपरावरचं पाणी पुरणार नाही, हे पहिलं उत्तर. दुसरं पैशाचं. रीडमिलरबाईंनी स्वतःची पुंजी ओतली, देणग्या मिळवल्या, स्वयंसेवकांनी हात लावला. सात झोपड्यांच्या भाड्यावर बँकेचं कर्ज काढलं असतं, तर पहिल्याच वर्षी आठवी बांधावी लागली असती.