ब्लॉग आणि फीड : बातमी मुळातून कशी घ्यावी?



सन २०२५-२६ च्या हंगामासाठी केंद्र सरकारने उसाची एफ.आर.पी. क्विंटलला ३५५ रुपये ठरविली. हा दर १०.२५ टक्के उताऱ्याचा. पण अशी बातमी या मोबाईलवरून त्या मोबाईलवर फिरत बांधावर पोचते, तेव्हा उताऱ्याची अट वाटेतच गळते. तोडणी-वाहतूक वजा होते हेही कोणी सांगत नाही. 'टनाला ३५५० रुपये' एवढंच कानावर येतं, आणि बिल हातात पडलं की गैरसमज होतो. बातमी मुळातून आणि पुरी घेण्याची एक सोपी सोय आहे. तिचे नाव फीड. पण आधी ब्लॉग म्हणजे काय ते पाहू.

ब्लॉग ही इंटरनेटवरची उघडी रोजनिशी. 'वेबलॉग' हा शब्द १९९७ साली निघाला, १९९९ मध्ये त्याचा 'ब्लॉग' झाला. लिहिणारा नवा मजकूर तारखेसह वर लावतो, जुना खाली सरकतो. खोडव्याचा अनुभव असो की हुमणीचा बंदोबस्त, ज्याला सांगायचे आहे तो लिहितो आणि कोणीही वाचतो.

आता तुम्ही म्हणाल, दहा जणांचे वाचायचे तर रोज दहा दारे कोण ठोठावणार? त्यासाठीच फीड. चावडीवरची नोटीस वाचायला आपण जावे लागते, वर्तमानपत्र मात्र घरी येऊन पडते. तसेच हे. नवे काही लिहिले गेले की ते आपल्या मोबाईलवर आपोआप येते. ही पद्धत १९९९ पासून आहे. तिला आर.एस.एस. म्हणतात, नाव ऐकून कोणी भलता अर्थ काढू नये!

करायचे ते एवढेच :

१) मोबाईलवर 'फीड रीडर' घ्यावा. फीडली, इनोरीडर हे मोफतही वापरता येतात. सुरुवातीला ईमेल देऊन खाते उघडावे लागते. घरातल्या शिकत्या मुलामुलीला जवळ बसवावे.

२) हव्या त्या ब्लॉगचा पत्ता कॉपी करून रीडरच्या शोधाच्या चौकटीत टाकावा. फीड असेल तर बहुधा रीडरच ती शोधून काढतो. काही ठिकाणी फीडची खूण म्हणून नारिंगी चौकोन असतो.

३) 'फॉलो' किंवा 'सबस्क्राईब' दाबावे. या शब्दाने बिचकू नये. इथे वर्गणी पडत नाही. ब्लॉगवाल्याला आपला फोन नंबर जात नाही. नको झाले की आपणच बंद करावे.

केंद्र सरकारच्या पत्र सूचना कार्यालयाचीही फीड आहे. एफ.आर.पी.चा निर्णय तिथे अटींसकट छापला जातो. मात्र प्रत्येक ठिकाणी ही सोय असतेच असे नाही.

एक गोष्ट ध्यानात ठेवा. फीड बातमी आणून देते, खरी-खोटी करून देत नाही. आडातच नसेल तर पोहऱ्यात कुठून येणार? म्हणून लिहिणारा कोण, तारीख कोणती, हे पाहूनच फीड लावावी. एखाद्या औषधाची वा बेण्याची नुसती भलावण दिसली, तर फवारणीआधी कारखान्याच्या शेतकी खात्यात विचारावे.

सुरुवात दोन-तीन फीडनीच करा. ऊस आपला आहे. त्याच्या दराची बातमीही आपण स्वतःच वाचलेली बरी.