मज्जारज्जूची दुखापत आणि हालचालींची पुनर्प्राप्ती : जोसलीन ब्लॉख यांचे संशोधन

प्रास्ताविक :
मज्जारज्जूस गंभीर दुखापत झालेल्या व्यक्तीचे पाय निकामी झाले, असे आपण सहज म्हणतो. वस्तुतः पायांचे स्नायू व त्यांना चालविणारे मज्जारज्जूच्या कटिभागातील चेतापेशींचे जाळे पुष्कळदा शाबूत असते. खंडित होतो तो मेंदूकडून येणाऱ्या आज्ञेचा मार्ग. या भेदावरच स्वित्झर्लंडमधील लोझान येथील मेंदूशल्यविशारद जोसलीन ब्लॉख व चेताशास्त्रज्ञ ग्रेग्वार कुर्तीन यांचे संशोधन आधारलेले आहे. प्रस्तुत लेखात त्याचे स्वरूप व मर्यादा यांचा परामर्श घेतला आहे.

विषय-विवेचन :
मज्जारज्जूच्या आवरणावर विद्युत्-अग्रे बसवून सौम्य प्रवाह दिल्यास तेथील संवेदी तंतू उद्दीपित होतात व त्यांच्याद्वारे स्नायूंच्या प्रेरक चेतापेशी कार्यप्रवण होतात. हे उद्दीपन अखंड न देता पाऊल उचलण्याच्या व टेकण्याच्या क्रमानुसार, योग्य स्थानी आणि योग्य क्षणी देणे, हे या पद्धतीचे वैशिष्ट्य होय. २०१८ मध्ये तीन रुग्णांवरील यशस्वी प्रयोग प्रसिद्ध झाले. २०२२ मध्ये पायांची हालचाल व संवेदना पूर्णतः गमावलेल्या तीन रुग्णांनी, १६ अग्रांची अधिक रुंद पट्टी बसविल्यानंतर, उद्दीपन सुरू केल्याच्या पहिल्याच दिवशी आधारासह पावले टाकली.

तथापि या टप्प्यापर्यंत पावलांची लय यंत्राने ठरविलेली होती. २०२३ मध्ये ‘नेचर’ या नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या संशोधनात ही उणीव दूर करण्याचा प्रयत्न दिसतो. मानेच्या भागातील अपूर्ण दुखापतीमुळे दशकाहून अधिक काळ अधू असलेल्या एका डच नागरिकाच्या मेंदूच्या आवरणावर प्रत्येकी ६४ अग्रांची दोन उपकरणे बसविण्यात आली. मेंदूतील संकेतांवरून संगणक चालण्याचा हेतू ओळखतो व तदनुसार मज्जारज्जूस उद्दीपन देतो. त्यामुळे तो गृहस्थ स्वेच्छेने चालू व जिने चढू लागला. विशेष म्हणजे, प्रशिक्षणानंतर उद्दीपन बंद असतानाही त्यास कुबड्यांच्या साहाय्याने चालता येऊ लागले.

समारोप :
येथे तुटलेला मज्जारज्जू सांधला गेलेला नाही. उरलेल्या मार्गांना साहाय्य मिळाले आहे. शिवाय मेंदूशी जोडणीचा उपरोक्त निष्कर्ष एकाच व्यक्तीवरील आहे आणि त्यामागे शस्त्रक्रियेइतकेच दीर्घ प्रशिक्षणाचे श्रम आहेत. म्हणून वर्गात हा विषय मांडताना ‘चमत्कार’ हा शब्द टाळणेच इष्ट. अंथरुणास खिळलेल्या रुग्णाच्या आशेशी त्याचा थेट संबंध येतो. आणि ती आशा खोटी न ठरू देणे, हेही विज्ञानशिक्षकाचे कर्तव्य ठरते.