गोणीवरचा टक्का आणि डुकराचे आतडे

पशुखाद्याच्या गोणीवर ‘कच्ची प्रथिने’ म्हणून एक टक्का छापलेला असतो आणि वराहपालक त्यावरूनच माल पारखतो. या टक्क्यावर इतका भरवसा ठेवणे मला चुकीचे वाटते. तो काढताना प्रथिने कोणी मोजतच नाही. मोजला जातो तो नायट्रोजन, आणि त्याला ६.२५ने गुणतात. नायट्रोजन मोजण्याची ही रीत योहान केल्डाल या डॅनिश रसायनशास्त्रज्ञाने १८८३ साली बसवली. खाद्यात युरिया कालवला तरी आकडा फुगतो. २००८ साली चीनमध्ये दुधात मेलामाइन घालणाऱ्यांनी याच पळवाटेचा फायदा घेतला होता. भेसळ सोडून देऊ. अस्सल मालातही हा आकडा ग्रॉस पगारासारखा असतो, हातात किती पडणार ते त्यावरून कळत नाही. डुकराचे शरीर प्रथिनांचे तुकडे करून अमिनो आम्ले शोषून घेते, आणि मक्यावर वाढणाऱ्या डुकराला सर्वांत आधी तुटवडा पडतो तो लायसीनचा. तो पडला की उरलेली अमिनो आम्ले असूनही मांस चढत नाही. त्यांचा नायट्रोजन लघवीवाटे निघून जातो आणि पालकाचे पैसेही त्यासोबत जातात.

दोन पेंडी शेजारी ठेवून पाहा. टरफल काढलेल्या सोयाबीनच्या पेंडीत, म्हणजे व्यापारी जिला डीओसी म्हणतात तिच्यात, ४७-४८ टक्के प्रथिने आणि किलोमागे सुमारे ३० ग्रॅम लायसीन असते. त्यातले जवळपास ८९ टक्के डुकराला पचते. टरफल काढलेल्या सरकीच्या पेंडीत प्रथिने ३९ टक्क्यांच्या आसपास, लायसीन किलोमागे १५ ग्रॅम, पण पचते फक्त ६३ टक्क्यांच्या घरात. हिशेब केला तर एकीकडून २६-२७ ग्रॅम मिळतात, दुसरीकडून साडेनऊ. प्रथिनांच्या टक्क्यावरून भाव ठरवणारा माणूस सरकीला सोयाबीनच्या चार पंचमांश मोल देईल. लायसीनपुरते तिचे खरे मोल एक तृतीयांशाहून जरासेच जास्त आहे. याचे कारण गॉसिपॉल. तेल काढताना उष्णता लागली की सरकीतले हे द्रव्य लायसीनला चिकटते आणि मग पाचकरसांना तो बंध सोडवता येत नाही. (मोकळे राहिलेले गॉसिपॉल तर डुकराला विषारीच.)

हे पचनाचे आकडे विष्ठा तपासून का काढत नाहीत, असे कोणीही विचारील. सोपे तेच आहे, आणि पूर्वी तसेच करत. पण लहान आतड्यात न शोषलेली अमिनो आम्ले मोठ्या आतड्यात गेली की तिथले जिवाणू त्यांचा फडशा पाडतात. विष्ठेत ती सापडत नाहीत, म्हणून पचली असे वाटते. डुकराला मात्र मोठ्या आतड्यातून अमिनो आम्लांचा जवळजवळ काहीच लाभ होत नाही. म्हणून संशोधक शस्त्रक्रिया करून लहान आतड्याच्या अगदी शेवटी एक छोटी नळी बसवतात. जनावर काही दिवस ठरावीक खाद्यावर राहते, खाद्यात टायटॅनियम डायऑक्साइडसारखी न पचणारी खूण मिसळलेली असते, आणि मग नळीला पिशवी बांधून तिथवर पोचलेला अन्नरस गोळा करतात. त्यात आतड्याने स्वतः सोडलेला श्लेष्मा, पाचकरस आणि झडलेल्या पेशीही असतात. प्रथिने नसलेला आहार देऊन ती घट वेगळी मोजतात आणि वजा करतात. कोष्टकांत सापडणारी ‘प्रमाणित’ पचनीयता ती हीच.

एवढी उठाठेव कशाला, बाजारात तयार लायसीन मिळतेच, ते ओतले की झाले, हा आक्षेप वजनदार आहे. तयार लायसीन जवळपास पूर्ण पचते आणि वापरावेही. पण किती ओतायचे, हे खाद्यातून मुळात किती मिळते त्यावरच ठरणार. शिवाय लायसीन भरून काढले की तुटवडा थ्रिओनीन, मेथिओनीन, ट्रिप्टोफॅन यांच्याकडे सरकतो. दुसरा आक्षेप असा की कोष्टके परदेशी, माल आपला. हे मान्य. त्यातही प्रक्रिया पदार्थाइतकीच निर्णायक असते. कच्च्या सोयाबीनमधले घटक ट्रिप्सिन या पाचकरसाला अडवतात, म्हणून त्याला उष्णता द्यावीच लागते. ती जास्त झाली की लायसीन साखरेशी जोडले जाऊन निकामी होते. धान्यापासून इथेनॉल काढल्यावर उरणारा सुकवलेला चोथा, डीडीजीएस, महाराष्ट्रातही पशुखाद्यात येतो. सुकवताना भट्टी किती तापली यावर त्याचे लायसीन कमीजास्त होते. गंमत म्हणजे प्रथिनांचा टक्का जळलेल्या चोथ्यातही तोच राहतो. तेव्हा कोष्टक परके म्हणून गोणीवरच्या टक्क्याकडे परतण्यात काही शहाणपण नाही. मालाची लायसीनसाठी तपासणी करून घ्यावी, आणि प्रथिनांच्या मानाने लायसीन कमी निघाले तर तो माल जळका समजावा.

नळी बसवलेल्या डुकरांचे हे आकडे आता माणसाच्या ताटाशीही जोडले गेले आहेत. माणसाच्या आतड्यातून असे नमुने घेणे अवघड, म्हणून संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेने २०१३ साली प्रसिद्ध केलेल्या अहवालात आपल्या अन्नातल्या प्रथिनांचा दर्जा ठरवताना, माणसावरची माहिती नसेल तिथे वाढत्या डुकरावरची वापरावी असे सुचवले. पशुखाद्य कंपन्यांनी निदान डुकरांसाठी तरी गोणीवर कच्च्या प्रथिनांशेजारी पचनीय लायसीनचा आकडा छापावा, आणि तो छापलेला नसेल तर वराहपालकांनी दुकानदाराकडे मागावा.