लाखेत राहिलेली द्वंद्वगीते

चंद्रपूर आणि गडचिरोली (१९८२ पर्यंत हा सारा मुलूख एकाच जिल्ह्यात मोडत असे) येथील अरण्यांत पळस, कुसुम व बोर यांस तोटा नाही. याच जातींच्या झाडांच्या कोवळ्या फांद्यांवर लाखेचा किडा आपले कवच स्रवतो. ते कवच खरवडून, धुऊन, गाळून निघणाऱ्या लाखेत दगडाची पूड व काजळी मिसळून ग्रामोफोनच्या तबकड्या बनत. सैगलांचा वा शांता आपट्यांचा स्वर ज्या द्रव्यात साठविला गेला, ते असे रानातले आहे, हे तबकड्यांची जुनी पेटी बाळगणाऱ्या घरांतही फार थोड्यांस ठाऊक असते.

हिंदी बोलपटांची पुष्कळ गाणी विस्मृतीत गेली, याचे खापर आपण श्रोत्यांच्या बदललेल्या रुचीवर फोडतो. ते सर्वस्वी न्याय्य नव्हे. १९३१ चा 'आलम आरा' हा आपला पहिला बोलपट. त्यात सात गाणी होती. त्यांच्या तबकड्या निघाल्या नाहीत आणि चित्रपटही नष्ट झाला. जे ऐकावयासच मिळत नाही, त्याविषयी रुची ती कोठून राहणार?

द्वंद्वगीतांची गोष्ट अधिक नाजूक. १९३५ च्या 'धूप छाँव'पासून पार्श्वगायनाची वाट मोकळी झाली, तरी पुढे कित्येक वर्षे नट-नटी कॅमेऱ्यासमोरच गात आणि वादक मंडळी चौकटीबाहेर दडून साथ करीत. तबकडीसाठी तेच गाणे पुष्कळदा पुन्हा म्हणावे लागे, आणि मिनिटास ७८ फेरे घेणाऱ्या तबकडीची एक बाजू जेमतेम तीन मिनिटांची! मग एखादे कडवे गळे, क्वचित दोहोंपैकी एक गळाच बदले. सबब पडद्यावरील गीत व तबकडीवरील गीत ही दोन निराळी अपत्येच समजावीत.

'अछूत कन्या'मधील (१९३६) अशोककुमार-देविका राणी यांचे द्वंद्वगीत आजही लोकांच्या ओठी आहे. उलट व्ही. शांतारामांच्या 'आदमी'त (१९३९) अशाच पडदाप्रेमिकांची थट्टा करणारे एक गीत आहे, त्याची आठवण कितीजणांस असेल? संगीत मास्तर कृष्णरावांचे. मराठी 'माणूस' आपण जपला, त्याचे हिंदी भावंड मात्र अडगळीत गेले. मला तर थट्टेचे ते गीत मूळ प्रकारच्या गीतांहून अधिक खट्याळ वाटते!

दुसऱ्या महायुद्धात लाख लष्करी कामास लागू लागली. अमेरिकेत तर १९४२ पासून जुन्या तबकड्या गोळा करून वितळवीत. फिल्मचे नशीबही बरे नव्हते. पुण्यास जानेवारी २००३ मध्ये नायट्रेट फिल्मच्या कोठारास आग लागून 'प्रभात'च्याही मौल्यवान प्रती भस्मसात झाल्या. कानपूरच्या हरमंदिर सिंग 'हमराज़' यांनी 'हिंदी फिल्म गीत कोश' रचून गीतांची नावनिशी राखली. परंतु कोशातून स्वर ऐकू येत नाही. तो एखाद्या माळ्यावरच्या पेटीतच असावयाचा.

वाचकहो, आपल्या घरी अशी पेटी असल्यास तबकड्या एकीवर एक न रचता उभ्या ठेवाव्या. चंद्रपूरच्या वैशाखात पत्र्याखाली ठेवल्यास त्या हमखास वाकतात. धूळ मऊ फडक्याने टिपावी. स्पिरिट मुळीच लावू नये, कारण लाख स्पिरिटात विरघळते. आणि भंगारवाल्यास हाक मारण्यापूर्वी लेबलावरील चित्रपटाचे नाव व क्रमांक एका वहीत उतरून घ्यावा.