मोडलेली गाडी : पुन्हा उभारावी की तशीच राखावी?

अमेरिकेतल्या केंटकी राज्यात, बोलिंग ग्रीन इथे कॉर्व्हेट मोटारींचं राष्ट्रीय संग्रहालय आहे. तिथली जमीन चुनखडकाची, पाण्याने आतून पोखरलेली. १२ फेब्रुवारी २०१४ च्या पहाटे संग्रहालयातली फरशी खचली आणि आठ गाड्या सुमारे तीस फूट खोल विवरात कोसळल्या. पुढे त्यातल्या तीनच दुरुस्त झाल्या. पाच मोडक्या अवस्थेतच प्रदर्शनात ठेवल्या गेल्या. चेंदामेंदा झालेली जुनी मौल्यवान गाडी पुन्हा उभी राहते का, या प्रश्नाचा विचार या आठ गाड्यांपासून सुरू करावा. माझ्या मते, गाडी उभी करता येईल का यापेक्षा, उभी केल्यावर तिच्यात मूळची गाडी किती उरेल हे आधी तपासायला हवं.

कारागिरीपुरतं बोलायचं तर अशक्य फारसं काही नाही. वाकलेली चासी पक्क्या साच्यावर बांधून, ओढून सरळ करतात. तडकलेला बिडाचा इंजिन ब्लॉक धातूचे टाके घालून सांधतात. नाहीसा झालेला पत्रा जुन्या फोटोंवरून आणि तशाच दुसऱ्या गाडीच्या मापांवरून हाताने घडवतात. स्वतंत्र चासीवर बॉडी बसवलेली असेल तर काम सोपं पडतं. जिथे बॉडीच सांगाड्याचा भार वाहते, तिथे एक कोपरा चेपला तरी दारं, काचा, चाकं साऱ्यांचीच मापं बिघडतात. पण वेळ आणि पैसा ओतला की तेही जमतं, आणि धोका इथेच आहे. प्रत्येक नव्या भागाबरोबर मूळची गाडी थोडी कमी होत जाते.

बोलिंग ग्रीनच्या मंडळींनी हाच हिशोब केला. २००९ ची ‘ब्लू डेव्हिल’ विवरातून काढल्यावर स्वतःच्या इंजिनावर चालली. तिच्याबद्दल शंकाच नव्हती. १९६२ ची काळी कॉर्व्हेटही दुरुस्त झाली. १९९२ ची पांढरी गाडी, म्हणजे दहा लाखावी कॉर्व्हेट, फार मोडली होती. पण ती घडवणाऱ्या कामगारांनी तिच्या भागांवर आतून सह्या केल्या होत्या. दुरुस्त करताना ते सह्यांचे भाग शक्य तितके जपले गेले. उरलेल्या पाचांत इतकं काही बदलावं लागलं असतं, की हाती नवी गाडीच आली असती.

यावर एक जोरदार आक्षेप आहे : जुन्या गाड्यांचे भाग तर बदलतच आले आहेत. १९२९ आणि १९३० ची ल मान्स शर्यत जिंकणारी ‘ओल्ड नंबर वन’ ही बेंटली १९३२ मध्ये ब्रुकलंड्सच्या जीवघेण्या अपघातानंतर नव्याने बांधली गेली. १९९० मध्ये लंडनच्या न्यायालयात तिच्या अस्सलपणाचा वाद गेला, तेव्हा १९२९ चं तिच्यात फारच थोडं शिल्लक होतं. तरीही तिचा इतिहास अखंड असल्यामुळे तिला ते नाव मिळालं. निकाल मला पटतो, पण त्याचा आधार अखंड इतिहास आहे. ती बदलत गेली तिच्या कामाच्या आयुष्यात, आणि त्या बदलांचा माग काढता येत होता. भंगारातून आलेली नुसती चासी नंबरची पट्टी घेऊन बाकी सगळं नवं घडवणाऱ्याला ही सवलत मिळू नये. भारतातही २०२१ च्या नियमांनुसार विंटेज नोंदणीला नुसती पन्नास वर्षं पुरत नाहीत. चासी, बॉडी किंवा इंजिनात मोठा फेरफार झालेला चालत नाही.

दुसरा आक्षेप असा, की दुरुस्त न केलेली गाडी कोणाच्या कामाची? माज्जोरे सरोवराच्या तळाशी अनेक दशकं पडलेली १९२५ ची बुगाती २००९ मध्ये वर काढली गेली. पुढच्या वर्षी पॅरिसच्या लिलावात ती सुमारे २ लाख ६० हजार युरोंना विकली गेली आणि कॅलिफोर्नियातल्या संग्रहालयात गंजलेल्या रूपातच मांडली गेली. पाणी आणि काळ धातूचं काय करतात हे तिच्याकडून शिकता येतं. चकचकीत रंगाखाली ते पुरावे कायमचे गेले असते.

म्हणून मोडलेल्या गाडीला हात लावण्याआधी तिच्या प्रत्येक भागाची यादी आणि फोटो हवेत. जे दुरुस्त होईल ते बदलू नये, बदललेलं जपून ठेवावं आणि नव्या भागावर तो नवा असल्याची खूण करावी. चासी, इंजिन, बॉडी यांचा मोठा हिस्सा टिकत असेल, तर खर्चाला न कचरता गाडी अवश्य उभी करावी. नुसता नंबरच उरत असेल, तर जे घडेल त्याला प्रामाणिकपणे प्रतिकृती म्हणावं आणि मूळचे अवशेष तसेच राखावेत.