काचपेटीतील जड पाणी
आमची उज्जयिनी माळव्याच्या काळ्या बेसाल्टावर वसलेली. त्या खडकातून झिरपलेले पाणी क्षार घेऊन येते. अशा विंधण विहिरीच्या पाण्यात डाळ लवकर शिजत नाही व भांड्याला पांढरे किटण धरते, हे गृहिणींना सांगावयास नको. तथापि मासे पाळणाऱ्यांनी या जडपणाला सरसकट शत्रू मानू नये, असे आम्हांस वाटते. पाण्यातील बायकार्बोनेट काचपेटीत उत्पन्न होणारे आम्ल शमविते. ते संपले की आम्लता एकाएकी वाढून मासे दगावतात. गप्पी आणि मॉली यांना जड पाणी मानवते, निऑन टेट्राला मृदू.

जडपणा आधी चाचणीच्या थेंबांनी मोजावा. तो उतरविण्यासाठी पाणी उकळून, निववून, वरचे निवळ पाणी घ्यावे व ढवळून त्यात हवा मिसळू द्यावी. अथवा साध्या पाण्यात थोडे आर. ओ. चे पाणी मिसळावे. पाण्यातील बायकार्बोनेट वाढवावयाचे असल्यास १०० लिटर पाण्यास ३ ग्रॅम खाण्याचा सोडा पुरतो. त्याने कार्बोनेट जडपणा एक जर्मन अंश, म्हणजे लिटरमागे सुमारे १८ मिलिग्रॅम कॅल्शियम कार्बोनेटाइतका, चढतो. एका दिवसात याहून अधिक फरक करू नये. थोड्याफार जड पाण्याची बहुतेक माशांना हळूहळू सवय होते. एकाएकी झालेला बदल मात्र त्यांच्या जिवावर बेततो.